२२ सप्टेंबरच्या आधी गाडी घ्यावी की नंतर? कोटेशन बघून कोणी सांगेल का

कोयनाकाठ | १० सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार. मी पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. घर ते शाळा एका बाजूने २८ किलोमीटर, त्यातला निम्मा घाट. सध्या माझ्याकडे २०१३ ची अल्टो आहे. २०१८ ला जुनीच घेतली होती. माझ्याच नावावर आहे, इन्शुरन्स एकदाही चुकवलेला नाही आणि आजवर क्लेम घेतलेला नाही. पण यंदाच्या पावसात ती दोनदा घाटात बंद पडली. दुसऱ्या वेळी आई सोबत होती, तिचे गुडघे दुखतात, आणि आम्ही सव्वा तास पावसात उभ्या होतो. त्याच रात्री ठरवलं की आता नवी गाडी घ्यायची.

रविवारी शोरूमला जाऊन आले. गाडी पेट्रोल, ११९७ सीसी, चार मीटरच्या आतली. मॉडेल मनाशी पक्कं झालंय, त्यामुळे नाव लिहीत नाही, नाहीतर चर्चा भलतीकडे जाईल. मिळालेलं कोटेशन असं:

एक्स-शोरूम ८,१५,०००
आरटीओ ९७,५००
इन्शुरन्स ५१,२००
अ‍ॅक्सेसरीज किट १४,९९०
एक्स्टेंडेड वॉरंटी १३,५००
फास्टॅग ६००
हँडलिंग ६,५००
एकूण ९,९९,२९०, त्यातून सूट ४५,००० वजा. म्हणजे ९,५४,२९०.

सेल्समन म्हणाला, "मॅडम, २२ तारखेनंतर जीएसटी उतरेल, पण ही ४५ हजारांची सूट बंद होईल. म्हणजे तुम्हाला पडायचं तेवढ्यालाच. शिवाय तेव्हा गर्दीत गाडी मिळणार नाही. आजच बुक करा." अल्टोचे ६० हजार देतो म्हणाला. कर्जही तिथेच करून देतो, "फक्त साडेपाच टक्के" म्हणाला. मला सहा लाखांचं कर्ज लागेल, पाच वर्षांसाठी.

आईचं म्हणणं असं की पितृपक्षात काहीच करू नकोस, दसऱ्याला बघू. माझा मात्र गोंधळ उडालाय. आत्ता घेतलं नाही तर नुकसान होईल का? घरात यातलं कळणारं कोणी नाही, म्हणून इथे विचारतेय.

---

मिरजकर७८ | १० सप्टेंबर, रात्री १०:१५

२२ पर्यंत अजिबात घेऊ नका. ३ तारखेला जीएसटी कौन्सिलने निर्णय घेतलाय. टाटा, महिंद्रा, ह्युंदाई यांनी कपातीचे आकडेही जाहीर केलेत. आज घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

---

हिशेबनीस | ११ सप्टेंबर, सकाळी ७:०५

ताई, मी कोल्हापुरात एका शोरूमच्या बिलिंग काउंटरला चौदा वर्षं होतो. २०२१ ला सोडलं. माझ्या हातून असली कोटेशनं हजारोंनी निघालीत, त्यामुळे तुमचं वाचताना आकडे कुठे फुगलेत ते लगेच दिसलं. जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी २२ तारखेचं. तुमची गाडी १२०० सीसीच्या आत आणि चार मीटरच्या आत आहे. आज तिच्यावर २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस (अधिभार), म्हणजे २९ टक्के. २२ पासून १८. सोपा हिशेब असा की आज १२९ रुपयांना मिळणारी गाडी ११८ ला मिळायला हवी. ८,१५,००० ला १२९ ने भागा, ११८ ने गुणा. साधारण ७,४५,५०० येतात. म्हणजे एक्स-शोरूमलाच ६९,५०० कमी झाले.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के. तो या किमतीवरच लागतो. किंमत उतरली की टॅक्सही ८९,६५० वरून ८२,००५ वर येतो. तिथे आणखी ७,६४५ वाचले. दोन्ही मिळून ७७ हजारांच्या वर. तुम्हाला आज दाखवताहेत ती सूट ४५ ची. "तेवढ्यालाच पडेल" हे सरळ चूक आहे. ३२ हजारांचा फरक आहे, आणि तोही २२ नंतर एक रुपयाची सूट मिळणार नाही असं धरून.

डीलरला घाई का, तेही समजून घ्या. सेस बंद होतोय, आणि डीलरने गाड्या घेताना भरलेला सेस २२ नंतर त्याला वळता करून घेता येणार नाही. तो पैसा अडकतो. मोठ्या गाड्यांवर सेस १७ ते २२ टक्के आहे, तिथे डीलर खरोखर कोंडीत आहेत, आणि तिथे आजची सूट चांगलीही असू शकते. तुमच्या गाडीवर सेस १ टक्काच. त्यामुळे त्यांची अडचण तुम्ही का सोसायची?

बुकिंगचे पैसे आधी दिले आणि बिल २२ नंतर झालं, तरी कर नव्या दरानेच लागतो. बिलाची तारीख महत्त्वाची. तुमच्या आईचं म्हणणं यावेळी व्यवहारालाही धरून आहे. पितृपक्ष २१ ला संपतो आणि २२ ला घटस्थापना आहे. तोवर नुसती कोटेशनं गोळा करा. कोटेशन घ्यायला मुहूर्त लागत नाही, आणि या पंधरवड्यात शोरूम रिकामं असतं, माणसं निवांत बसून बोलतात.

आता कोटेशनकडे येऊ. आमच्याकडे एक्स-शोरूमचा आकडा कंपनीच्या सिस्टिममधून आपोआप यायचा. तो कुणालाच बदलता येत नसे. त्याच्या खालच्या सगळ्या ओळी मात्र आम्ही हाताने भरायचो. ग्राहक वरच्या आकड्यावर तासभर घासाघीस करायचे आणि खालच्या ओळींवरून नजरही फिरवायचे नाहीत. शोरूमची खरी कमाई त्या खालच्या ओळींत असायची. म्हणून "किती डिस्काउंट?" हा प्रश्नच विचारू नका. दिलेलं डिस्काउंट खालच्या तीन ओळींत परत वसूल होतं, आणि ग्राहक खूश होऊन पेढे वाटत घरी जातो. एकच विचारा: माझ्या खिशातून एकूण किती जाणार, आणि प्रत्येक ओळ कशाची?

आरटीओची ओळ. ८,१५,००० वर ११ टक्के म्हणजे ८९,६५०. नोंदणी फी ६००, स्मार्ट कार्ड २००, बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) चढवायचे १,५००. झाले ९१,९५०. किरकोळ काही धरलं तरी ९७,५०० होत नाहीत. साडेपाच हजार जास्त लावलेत. त्यांना शांतपणे सांगा, "वाहन पोर्टलच्या (आरटीओच्या सरकारी वेबसाइटच्या) पावतीवर जेवढे असतील तेवढेच देईन." एवढं वाक्य ऐकलं की आकडा आपोआप खाली येतो, मी काउंटरच्या पलीकडून बघितलंय. नंबरप्लेटचे वेगळे मागितले तर तेही देऊ नका. १ एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट गाडीसोबतच येते.

हँडलिंग ६,५००. ही कोणतीही सरकारी फी नाही. गाडी यार्डातून शोरूमपर्यंत आणायचे आणि धुवायचे पैसे म्हणून सांगतात. ती ओळ काढायला सांगा. "सगळेच घेतात" म्हणाले तर म्हणा, मग या नावाची पावती शिक्क्यासह द्या.

इन्शुरन्सवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाई देणारा विमा, सक्तीचा आहे, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने सप्टेंबर २०१८ पासून. १००० ते १५०० सीसीला तो १०,६४०, हा दर ठरलेला आहे, सगळ्या कंपन्यांना सारखाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात आणि झिरो डेपसारख्या (क्लेममध्ये सुट्या भागांच्या झिजेचे पैसे न कापणाऱ्या) जोडण्यांत. हा भाग एकेक वर्षाचा घेता येतो. पॉलिसी शोरूममधूनच घेतली पाहिजे असा कोणताही नियम नाही, कंपनी निवडायचा हक्क तुमचा आहे. फक्त ज्या वर्कशॉपला गाडी नेणार तिथे त्या कंपनीचं कॅशलेस (दुरुस्तीचं बिल कंपनीने परस्पर भरणं) चालतं का, ते आधी वर्कशॉपला विचारून घ्या. माझ्या अंदाजाने तुमच्या गाडीची झिरो डेपसह चांगली पॉलिसी ३१-३२ हजारांत बसते. ५१ हजार कशाचे?

आणि ताई, तुम्ही एक गोष्ट सहज लिहून गेलात, ती सोन्यासारखी आहे. अल्टो तुमच्या नावावर, सात वर्षं क्लेम नाही. म्हणजे तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर गेलेला असणार. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. अल्टो विकली की जुन्या विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या आणि नव्या गाडीच्या पॉलिसीला लावा. नुकसानीच्या भागाचा हप्ता निम्मा होईल. पत्र तीन वर्षं चालतं. शोरूममध्ये हे तुम्हाला कोणी विचारलं नाही, याचं मला वाईट वाटतं, कारण मी स्वतः त्या खुर्चीवर बसून कित्येकांना हे विचारलं नव्हतं.

कर्जाचे "साडेपाच टक्के" म्हणजे फ्लॅट रेट. सहा लाखांवर पाच वर्षं साडेपाच टक्क्यांनी व्याज १,६५,०००, हप्ता १२,७५०. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र पूर्ण सहा लाखांवरच धरलेलं असतं. घटत्या शिल्लकीच्या भाषेत हा दर जवळजवळ १० टक्के पडतो. तुमचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे विचारा. ९ टक्के घटत्या शिल्लकीवर मिळाले तर हप्ता १२,४५५ येतो. महिन्याला २९५ म्हणजे किरकोळ वाटतात, पाच वर्षांत १७,७०० होतात. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्यास दंड किती, हे दोन्ही लेखी घ्या. आणि शोरूममध्ये "महिन्याला किती झेपेल?" असं विचारलं तर उत्तर देऊ नका. हप्ता सांगितलात की मुदत वाढवून कुठलीही किंमत त्या हप्त्यात बसवता येते.

शेवटचं, तुम्ही जिल्हा परिषदेच्या कर्मचारी आहात. बहुतेक कंपन्यांची सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ऑफर असते. ओळखपत्र आणि पगाराची स्लिप सोबत ठेवा. विचारल्याशिवाय ती कोणी सांगत नाही.

---

शिवार_इस्लामपूर | ११ सप्टेंबर, दुपारी १:३०

हिशेबनीस काकांनी लिहिलंय त्यातलं अ‍ॅक्सेसरीजचं राहिलं, ते माझ्या अनुभवातून सांगतो. २०२३ च्या धनत्रयोदशीला आम्ही गाडी घेतली. शोरूमने २२ हजारांच्या अ‍ॅक्सेसरीज "फ्री" दिल्या आणि रोख सूट शून्य. सीट कव्हर, मॅट, दरवाज्याच्या खालच्या पट्ट्या, एक परफ्यूम, मागच्या काचेला पडदे. सीट कव्हर दुसऱ्या उन्हाळ्यात उसवलं. नंतर सांगलीत बाजारात विचारलं तर तसलाच सगळा माल नऊ हजारांत मिळत होता. वडिलांच्या मनाला ते फार लागलं होतं, त्यांनी सोयाबीनचे पैसे आले तसे मोजून दिले होते.

तुम्ही मॅट आणि मडफ्लॅप सोडून काहीही घेऊ नका. किट सक्तीचं आहे म्हणाले तर उठून या. आणि अंडरबॉडी कोटिंग, पेंट प्रोटेक्शन हे डिलिव्हरीच्या दिवशी, हार घालायच्या वेळेला पुढे करतात, तेव्हा नाही म्हणायला जीभ रेटत नाही. आधीच ठरवून जा.

---

कोयनाकाठ | ११ सप्टेंबर, रात्री ९:१०

काका, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. वही घेऊन प्रत्येक बेरीज स्वतः करून बघितली, सगळे आकडे जुळले. मनापासून आभार.

दोन शंका आहेत. एक, शोरूममधल्या गाड्या आधीच बनलेल्या आहेत, जुन्या कराच्या वेळच्या. मग त्या नव्या किमतीत देतील का? दोन, अल्टोला गावातल्या मेकॅनिकने ८५ हजार सांगितलेत, शोरूम ६० देतंय पण वर १५ हजार एक्सचेंज बोनस म्हणतंय. काय करू?

---

हिशेबनीस | १२ सप्टेंबर, सकाळी ६:५०

एक्सचेंजचं सोपं आहे, बोनस धरूनही शोरूमकडे ७५ होतात आणि मेकॅनिक ८५ देतोय. मेकॅनिकला द्या. फक्त मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन आरसी त्याच्या नावावर चढेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. नुसत्या विश्वासावर गाडी दिली आणि तिने कुठे अपघात केला, तर नोटीस तुमच्या घरी येते.

पहिल्या शंकेचं उत्तर: गाडी कधी बनली याच्याशी जीएसटीचा संबंध नाही, बिल कधी झालं याच्याशी आहे. त्यामुळे फेब्रुवारीत बनलेली गाडीही २२ नंतर १८ टक्क्यांनीच विकली जाणार. पण तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण खरी काळजी इथेच घ्यायची आहे. सप्टेंबरभर गिऱ्हाईक थांबलेलं आहे, यार्ड भरलेली आहेत. २२ नंतर झुंबड उडेल, आणि त्या झुंबडीत सगळ्यात जुना माल आधी खपवला जाईल.

आमचं यार्ड महामार्गालगत होतं, उघड्यावर. जुलैत तिथे गुडघाभर गवत उगवायचं. २०१९ च्या पावसाळ्यात एका नव्याकोऱ्या गाडीचा एसी चालू केला तर कुजका वास आला. एअर फिल्टरचा डबा उघडला, आत उंदराने घरटं केलेलं. कापसाचे बोळे, भुईमुगाची टरफलं, आणि बाजूच्या वायरीचं प्लास्टिक तांब्यापर्यंत कुरतडलेलं. वायर बदलली, डबा साफ केला, गाडी धुतली, पॉलिश केली. दोन दिवसांनी तीच गाडी शोरूमच्या पांढऱ्या दिव्याखाली लाल फीत बांधून उभी होती. घेणाऱ्या कुटुंबाला कोणी काही सांगितलं नाही. बिल मीच केलं होतं.

म्हणून ताई, पासिंग व्हायच्या आधी गाडी बघायचीच. तुमच्या नावावर नोंदणी झाली की मग दोष सापडूनही गाडी बदलून मिळणं फार अवघड. बुकिंगच्या वेळीच कोटेशनवर लिहून घ्या, "चासी नंबर दिल्यावर, पासिंगआधी ग्राहक गाडी पाहील, पसंत पडली तरच उर्वरित रक्कम." हे लिहून द्यायला जो तयार नाही त्याच्याकडे बुकिंग करू नका.

बघायला जाताना भर दुपारी जा, पावसात किंवा संध्याकाळी नको. ओल्या गाडीवर ओरखडा दिसत नाही. चारही टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. २६२५ म्हणजे २०२५ सालच्या २६ व्या आठवड्यात बनलेला टायर. एखाद्या टायरचा आकडा आतल्या बाजूला असतो, तिथे मोबाइलचा टॉर्च मारा. टायर गाडीच्या आधी थोडे दिवस बनलेले असतात, तेवढा फरक चालतो. पण चारातले तीन २०२५ चे आणि एक २०२४ चा असेल तर का ते विचारा. स्टेपनी विसरू नका. बॉनेट उघडा, बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड आहे का, वायरींना नवी काळी टेप गुंडाळली आहे का बघा. एअर फिल्टरचा डबा उघडायला लावा, लाजू नका. पायाखालची मॅट उचलून खाली हात फिरवा, ओल लागता कामा नये. मीटर १०० किलोमीटरच्या वर गेला असेल तर गाडी डेमोला वापरली होती का, हे स्पष्ट विचारा. चासी नंबरातली महिना-वर्षाची अक्षरं प्रत्येक कंपनी वेगळ्या जागी ठेवते, त्यात डोकं घालू नका. फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, त्यावर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं. तो तयार करून आधी दाखवा म्हणायचं.

एक्स्टेंडेड वॉरंटी वाईट नाही, घाटात रोजचं चालवणं असेल तर मी घ्यायला सांगेन. पण ती गाडी बनवणाऱ्या कंपनीची असावी, भलत्याच कोणाची नको. आणि मूळ वॉरंटी संपेपर्यंत बहुतेक कंपन्या ती नंतरही देतात, थोडी महाग पडते. पहिल्याच दिवशी पैशांची ओढाताण असेल तर घाई नाही.

कोटेशन किमान तीन घ्या: कराड, सातारा, कोल्हापूर. दुसऱ्या जिल्ह्यातून घेतली तरी नोंदणी तुमच्या पत्त्याप्रमाणे एमएच ५० ला करता येते, तात्पुरत्या नोंदणीचा खर्च किती ते विचारा. सर्व्हिससाठी मात्र तुम्हाला कराडच सोयीचं, त्यामुळे दोनचार हजारांच्या फरकासाठी लांब जाऊ नका.

---

पलूसवाडी | १२ सप्टेंबर, दुपारी ४:२०

काकांचं सगळं मान्य, पण मी म्हणेन डिसेंबरपर्यंत थांबा. वर्ष संपताना शोरूमला स्टॉक काढायचा असतो. आमच्या भावाने मागच्या डिसेंबरात घेतली, त्याला चांगली सूट मिळाली होती.

आणि कोणी दहा लाखांच्या वरची घेत असेल तर बिलात १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर) लागतो, तो खर्च समजू नका. रिटर्न भरताना तो करात वळता होतो. कोयनाकाठ ताईंना हे लागू नाही.

---

हिशेबनीस | १२ सप्टेंबर, रात्री ८:००

पलूसवाडी, डिसेंबरची सूट खरी असते. पण २०२५ ची गाडी डिसेंबरात घेतली की जानेवारीत ती कागदोपत्री एक वर्ष जुनी. तीन-चार वर्षांत विकणाऱ्याला तो फरक परत सोसावा लागतो. दहा वर्षं वापरणाऱ्याला नाही. ताईंची अडचण वेगळी आहे, ती गाडी घाटात बंद पडतेय. आणखी तीन महिने आईला घेऊन त्याच गाडीने जायचं, हे मला पटत नाही.

---

कोयनाकाठ | ८ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:०५

गाडी आली. परवा, कोजागरीला. उशिरा लिहितेय, पण सगळं सांगायचं होतं.

पितृपक्षात तिन्ही ठिकाणी जाऊन कोटेशनं घेतली. पैसे कुठेच दिले नाहीत. साताऱ्यात एकाने हँडलिंग काढायला साफ नकार दिला, तिथून उठले. कोल्हापूरचं कोटेशन सगळ्यात स्वच्छ होतं, ते घेऊन २२ तारखेला दुपारी कराडला गेले. सेल्समनला दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले आणि काकांनी सांगितलेलं वाक्य म्हटलं, वाहन पोर्टलच्या पावतीएवढेच देईन. तो मॅनेजरला बोलवायला आत गेला. मॅनेजर पंधरा मिनिटांनी आले, खुर्ची ओढून बसले, कोल्हापूरच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "हे आम्हाला जमेल, पण इन्शुरन्स आमचाच घ्या." मी म्हटलं, माझा नो क्लेम बोनस ५० टक्के आहे, तो धरून तुमचा आकडा द्या. त्यांनी ३९ हजार काढले. बाहेर, त्याच वर्कशॉपला कॅशलेस चालणाऱ्या कंपनीची झिरो डेपसह पॉलिसी २५,५४० ला मिळत होती, तीच घेतली. अल्टो १८ तारखेलाच मेकॅनिकच्या नावावर झाली होती. विमा कंपनीचं पत्र मात्र तीन फोन केल्यावर मिळालं.

पासिंगआधी गाडी बघायला २९ तारखेला गेले. भर दुपारी. रंग हवा तो, बाहेरून चकचकीत. टायरवर वाकून पाहिलं तर चारही ४८२४. फॉर्म २१ दाखवा म्हटलं, त्यावर डिसेंबर २०२४. दहा महिने उभी होती. ब्रेकच्या चकतीवर गंजाचा पट्टा होता, आणि डाव्या मागच्या दाराच्या रबरात हिरवं शेवाळ. मी घेणार नाही म्हटलं. ते म्हणाले, दुसरी दसऱ्याच्या आत येणार नाही. त्या क्षणी फार अवघड गेलं, कारण आईने दसऱ्याच्या पूजेचं सामान आणून ठेवलं होतं. पण लिहून घेतलेलं वाक्य माझ्याकडे होतं. घरी येऊन आईला टायरचा फोटो दाखवला. ती म्हणाली, "बाई, शिळी भाकरी मुहूर्तावर वाढली म्हणून ताजी होते का? थांब चार दिवस."

दुसरी गाडी आली ती ऑगस्टमध्ये बनलेली, टायर ३०२५. एअर फिल्टरचा डबा उघडून पाहिला, काका. मेकॅनिक मुलगा हसला, पण उघडून दाखवला. स्वच्छ होता.

शेवटचा हिशेब: एक्स-शोरूम ७,४५,५००. आरटीओ ८४,३०५, पावती हातात आहे. इन्शुरन्स २५,५४०. मॅट आणि मडफ्लॅप २,८००. फास्टॅग ६००. हँडलिंग नाही. सरकारी कर्मचारी ऑफर धरून सूट १२,०००. एकूण ८,४६,७४५. पहिल्या कोटेशनपेक्षा १,०७,५४५ कमी, मात्र यात १३,५०० ची एक्स्टेंडेड वॉरंटी नाही. ती मार्चमध्ये घेईन. कर्ज पगाराच्या बँकेतूनच, ९ टक्के घटत्या शिल्लकीवर.

डिलिव्हरीच्या वेळी पेंट प्रोटेक्शनचा कागद पुढे आलाच, हार हातात असताना. शिवार_इस्लामपूर, तुमची आठवण झाली. नाही म्हटलं.

काका, एक शेवटचं विचारते. पॉलिसीवर इंजिन नंबरातला एक अंक चुकलाय, बाकी सगळं बरोबर आहे. दुरुस्त करून घ्यावा लागेल का?

---

हिशेबनीस | ९ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

हो, आणि आजच. फॉर्म २१ आणि बिलाचा फोटो जोडून विमा कंपनीला ईमेल करा, दुरुस्तीचं एंडोर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाचं अधिकृत पत्र) मागा. ते हातात येईपर्यंत ईमेलची प्रत गाडीत ठेवा. आरसी आली की तिच्यावरचा चासी आणि इंजिन नंबर एकेक अंक बोट ठेवून पॉलिसीशी ताडून बघा, बँकेचं नाव बरोबर आहे का तेही बघा. पाच वर्षांनी कर्ज फिटल्यावर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवायचा असतो, तेव्हा नावातली चूक फार हेलपाटे घालायला लावते.

आईंना नमस्कार सांगा.